सिबाआजीचा सांधलेला वाडगा

मी, हेस्टर मंगिन, राहणार हेरन बेट, जॉर्जिया, लिहून ठेवते की माझं शरीर थकलंय, डोकं नाही. ज्याला शंका असेल त्याने तोंडावर येऊन बोलावं. आधीचं मृत्युपत्र मी रागात केलं होतं, ते रद्द समजावं. हेही रागातच आहे, पण कुणाच्या दबावाखाली नाही.

एक. टोपल्या विणायचं सामान, हाडाच्या सुईसकट, शेजारीण ओडेसाला. तिची वीण फार सैल आहे. सुई बदलून सुधारेल असं वाटत नाही, पण बघावं.

दोन. माझा भाऊ एझरा याला काही नाही. कोळंबीचं माझं जाळं त्याने "उद्या देतो" म्हणून नेलं, ते अजून त्याच्याच होडीत आहे. तोच त्याचा वाटा.

तीन. घर आणि खाडीपर्यंतची जमीन एझराची मुलगी लव्हर्न हिला, पण एका अटीवर.

सिबाआजी म्हणजे माझ्या पणजोबांची आई. आफ्रिकेतून तिला जहाजात कोंबून इथे आणलं, गुलाम म्हणून भातखाचरांत राबवलं. पणजोबा तिच्याजवळ राहिले, पण अंगावर पिणारी मुलगी मालकाने ओढून विकली. मग ती रोज भरतीला खाडीकाठी उभी राहून पोरीला हाका मारायची. शेवटी खाडीतच गेली. तिचा पाणी प्यायचा वाडगा थडग्यावर फोडून ठेवला. मेलेल्या माणसाने शेवटचं ज्यातून खाल्लं-प्यायलं, ते आम्ही फोडतोच. अखंड राहिलं तर माणूस घराची वाट सोडत नाही.

लव्हर्नने तिच्यावर कादंबरी लिहिली. चांगली आहे, मी रडले. पण कादंबरीतली सिबाआजी सगळ्यांना माफ करून शांत झोपते. हे हिला कुणी सांगितलं, देव जाणे! आमच्या घरात असं कुणी कधी म्हटलेलं नाही. वर हिने थडग्यावरचे तुकडे आणले, सरसाने जोडले आणि वाडगा माझ्या फडताळात ठेवला.

"अगं, हे काय करून बसलीस?"

"आत्या, इतकी वर्षं ती फुटकीच राहिली. कुणीतरी सांधायला नको का तिला?"

"शहाणीच आहेस! तिला जायचं होतं, तू तिला परत बोलावलंस."

तेव्हापासून रोज सकाळी वाडगा भरलेला असतो. आम्ही दोघीही भरत नाही. पाणी खारट आहे. लव्हर्नची तान्ही डेला रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हात पसरते. परवा भरदुपारी ती पाळण्यात नव्हती. दाराला आतून कडी होती. पोर सापडली ती खाडीच्या चिखलात, पाण्याच्या कडेला, खुदूखुदू हसत. तिच्या ओठांवर दूध होतं. लव्हर्नचं दूध केव्हाच आटलंय.

मला सिबाआजीची कीव येते. पण ही पोर तिची नाही आणि मी ती देणार नाही.

"फोड तो वाडगा," मी लव्हर्नला म्हटलं. हे घरातल्या धाकट्या बाईनेच, थडग्यापाशी करायचं असतं, मी करून चालत नाही.

"माझ्या हातून नाही होणार गं, आत्या. तिचं एवढंच तर उरलंय."

चार. डॉक्टरांनी माझी आशा सोडली आहे. आजपासून मी दुसऱ्या कशातूनही खाणार-पिणार नाही. आत्ताच साक्षीदारांसमोर मी त्या वाडग्यातलं पाणी प्यायले, खारट तर खारट. लव्हर्न, आता तो माझा शेवटचा वाडगा आहे. तिचा फोडवत नाही ना तुला? मग माझा फोड. मला सिबाआजीशेजारी पुरा, आणि पुरण्याआधी डेलाला माझ्या शवपेटीवरून पलीकडे द्या, म्हणजे मेलेलं कुणी तिच्या मागे लागणार नाही.

नाही फोडलास तर घर चर्चला जाईल. आणि बाई गं, मग मलाही जाता येणार नाही. पाळण्यापाशी आम्ही दोघी असू.

सही: हेस्टर मंगिन
हेरन बेट, ९ ऑक्टोबर १९७८

साक्षीदार: प्रिन्स ग्रोव्हनर, लुव्हेनिया बेल. हेस्टरबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि त्याआधी आमच्यादेखत वाडगा रिकामा केला. आम्ही सह्या करेपर्यंत तो पुन्हा भरला होता.