आई, मी समुद्राच्या तळाशी जाऊन आले

आई,

मागच्या आठवड्यात मी समुद्राच्या तळाशी, पांढऱ्या वाळूत गुडघे टेकून बसले होते. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, आणि समोरून निळ्या-पिवळ्या माशांचा एक थवा असा निवांत चालला होता, जसा आपल्या शाळेच्या सुट्टीनंतर पोरांचा घोळका रमतगमत घरी जायचा. मी, निवृत्ती जवळ आलेली प्राणिशास्त्राची बाई, गुडघ्यांना पट्टे बांधून जिने चढणारी. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, फोटो दाखवले, सगळे वा वा म्हणाले. पण रॉकेलचा डबा पाठीला बांधून डोहात उतरलेली तू त्यांनी कुणी पाहिलेली नाहीस. त्यामुळे मला नेमकं काय झालं ते त्यांना सांगता येईना.

तो मे महिना मला लख्ख आठवतो. आदल्या पावसात तुझ्या वर्गातली एक मुलगी शाळेत येताना नदी ओलांडताना वाहत गेली होती. खालच्या वळणावर कुणीतरी तिला झाडाच्या मुळीत अडकलेली पाहिली म्हणून वाचली. मेमध्ये बाबा मुंबईहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवून तू म्हणालीस, "मला पोहायला शिकवा." बाबांना वाटलं, चेष्टा करतेस. दुसऱ्या दिवशी तू काष्टा घालून डोहावर हजर. बाबांनी रॉकेलचा रिकामा डबा, तोंड झाळून हवाबंद करून, आणला होता, तो सुंभाने तुझ्या पाठीला बांधला. पलीकडे धुणी धुणाऱ्या बायका हसून हसून बेजार. तू बुडत होतीस, ठसकत होतीस, नाकातोंडात पाणी जात होतं, आणि तरी मधूनच तूही हसत होतीस. "हसा गो हसा," तू ओरडलीस, "उद्या तुमच्या पोरी घेऊन या!" मी काठच्या दगडाला घट्ट धरून पाण्यात पाय सोडून बसले होते. तू धापा टाकत माझ्याजवळ आलीस आणि दरडावलंस, "सोड तो दगड. दगड काय तुला शिकवनार हाय?" मी रडले. पण सोडला. पुढच्या उन्हाळ्यात तू वर्गातल्या मुलींना शिकवायला लागलीस. बौद्धवाडीतल्या बाईंबरोबर आपली पोर डोहात पाठवायची की नाही, यावर वरच्या वाडीत बरंच बोलणं झालं म्हणतात. पण ती वाहून गेलेली मुलगी वरच्याच वाडीतली होती. सगळ्यात आधी तिची आई तिला घेऊन आली.

आता माझ्या विद्यार्थ्यांचं सांगते. आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं यंदा लक्षद्वीपला नेली. रत्नागिरीतून गाडीने केरळ, तिथून जहाज. प्रवाळ आजवर त्यांनी प्रयोगशाळेच्या बरणीत पाहिलेलं, पांढरंफटक, मेलेलं. ते जिवंत पाहायचं, पाण्याखाली उतरून. सगळे तयार झाले, एक मुलगी सोडून. ती किनाऱ्यावरच्या बुरोंडी गावची, वडील मासेमारीच्या बोटीवर जाणारे. मला वाटलं होतं, हीच सगळ्यात पुढे असेल. तर ती म्हणाली, "मॅडम, मी किनाऱ्यावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळीन." मग कळलं की तिला पोहताही येत नाही. ती लहान असताना तिचा काका बोटीवरून गेला तो आलाच नाही, शोधूनही सापडला नाही. तेव्हापासून त्या घरातल्या मुली घोट्याच्या वर पाण्यात जात नाहीत. मी तिच्या घरी गेले. वडील पडवीत जाळं विणत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "मॅडम, आमचं काय ता पान्यावर. पान्याखाली आमचं काय काम?" मुलगी दारात उभी होती. खाली बघत म्हणाली, "बाबा, खाली कसं असतं ते मला एकदा बघायचंय." त्यांचे हात थांबले. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही तिच्यासंगं उतरनार?" मी हो म्हणाले.

हो म्हणाले खरी! बेटावर पोचलो, तर पाणी असं की होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसावी. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात सराव. शिकवणारा बेटावरचाच तरुण, हिंदीत समजावत होता. नाकाने श्वास घ्यायचा नाही, फक्त तोंडाने. कान दुखले तर नाक दाबून हवा फुंकायची. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'मला वर न्या'. आमचा एक मुलगा काही पाहिलं की आनंदाने अंगठा वर करायचा, आणि तो तरुण त्याला लगेच वर आणायचा. वर आला की हा भांडायचा, "अरे, मी छान म्हणत होतो!" आम्ही हसून पाण्यात आडवे होत होतो. मग माझी पाळी आली. डोकं पाण्याखाली गेलं, मास्कमध्ये पाणी शिरलं, आणि मी नळी थुंकून ठसकत उभी राहिले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मी त्या तरुणाच्या हाताला असा विळखा घातला की त्याला नखं लागली.

बुरोंडीची मुलगी माझ्या शेजारी उभी राहून हे सगळं पाहत होती. हळूच म्हणाली, "मॅडम, नको ना जाऊ या. मी बाबांना सांगीन, तुम्हाला बरं नव्हतं." एवढी समजूतदार पोर, आई, मला भलतंच लागलं ते. तिथेच कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी तिला तुझी गोष्ट सांगितली, सगळी. डबा, काष्टा, धुणी धुणाऱ्या बायका. ती आधी ऐकत होती, मग इतकी हसायला लागली की तिचाच मास्क निसटला. "मग तुमच्या आईंनी डबा कधी सोडला?" "बाबांची सुट्टी संपायच्या आत." ती थोडा वेळ माझ्या पाठीवरच्या सिलिंडरकडे बघत राहिली. म्हणाली, "चला मॅडम, परत करू या. एकदम दोघी." आणि आम्ही एकदम खाली गेलो. माझ्या कानांत फक्त माझाच श्वास, खर्जातला, डब्यात वारा घुमावा तसा. मास्कमध्ये पुन्हा पाणी आलं, आणि या वेळी ते मी नाकाने फुंकून बाहेर घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने पुढे गेलो आणि खरंच खोल उतरलो. काय सांगू तुला! शिकवणाऱ्या तरुणाने आणि त्याच्या सोबत्याने आम्हा दोघींना धरलं होतं, पण तिचा एक हात माझ्या हातात होता. जांभळं प्रवाळ, पिवळं प्रवाळ, हरणाच्या शिंगांसारखं फांद्या फुटलेलं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर त्यांची नावं लिहिली, आणि ती सगळी तिथे श्वास घेत होती. एक कासव आमच्या अंगावरून इतक्या सावकाश गेलं की त्याच्या पोटाकडचं फिकट पिवळं कवच दिसलं. मुलीने माझा हात दाबला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान मागे टाकली होती आणि ती वर बघत होती, जिथून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली येत होतं. तिच्या नळीतून बुडबुड्यांचा लोटच्या लोट सुटला. ती हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक. नंतर विचारलं तर म्हणाली, "दोन्ही."

होडीत चढल्यावर तिने केस पुसले नाहीत, पाणी प्यायली नाही. किनाऱ्याला लागल्या लागल्या वडिलांना फोन लावला. रेंज येत-जात होती, म्हणून ती स्पीकर लावून ओरडूनच बोलत होती, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "बाबा, खाली अंधार नाय हो! उजेड हाय. सगळीकडं उजेड हाय!" पलीकडून ते म्हणाले, "परत सांग." तिने परत सांगितलं.

परतीच्या दिवशी रत्नागिरी स्टेशनवर ते स्वतः आले होते. बर्फात घातलेली पापलेटं माझ्या हातात दिली, आणि मुलगी सामान उतरवत होती तेवढ्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोहता येत नसेल तरी चालतं म्हनता?"

"चालतं की."

"आनि वय?"

"माझ्याकडे बघा," मी म्हणाले. ते लाजून हसले. "बघू," म्हणाले.

आज रविवार. सहलीचा अहवाल लिहायला सकाळी कागद घेऊन बसले आणि त्यावर हे लिहून झालं. तू तर केव्हाच गेलीस, तुला पाठवायचं कुठे, म्हणून मोकळेपणी सांगते. प्राचार्यांना मी म्हटलं आहे की पुढच्या वर्षी मुलांबरोबर दुसऱ्या कुणाला तरी पाठवू या, माझ्याने आता होत नाही. ते माझ्या गुडघ्यांकडे बघून लगेच हो म्हणाले. या वयात परत जायचंय म्हणायला लाज वाटली, पण आई, मनातून मला कुणालाही पाठवायचं नाहीये. मलाच जायचंय.