मॅबलने झाड सोडलं

हिकरी ओढा,
थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार

आदरणीय मेहुणे होबार्ट यांना एल्झीचा मनापासून नमस्कार.

इकडे आम्ही सुखरूप आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? अस्वलाची चरबी चोळत असाल तर चोळत राहा, आणि फरक पडत नसेल तर निदान चारचौघांत सांगू नका, कारण चरबी मी दिलेली आहे. तुमची बहीण लॉटी ठणठणीत आहे. हल्ली ती फार कमी बोलते. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर देवाने हे सुख पदरात टाकलं, माझी काही तक्रार नाही. (नवा पाद्री मात्र पुटपुटतो. परवाचं प्रवचन पापाविषयी होतं की बटाट्यांविषयी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.)

आता तुमच्या मॅबलविषयी. ही पट्टेरी कुत्री आणि तुमची चिठ्ठी, दोन्ही तीन आठवड्यांपूर्वी टपालाच्या गाडीने पोचली. (चिठ्ठीचा कोपरा कुत्रीने खाल्ला होता, पण मजकूर लागला.) सासऱ्यांनी चाळीस वर्षं जपलेल्या वाणातली ही शेवटची मादी, हिला अस्वलावर सोडून बघा, तुम्ही पास म्हणालात तर वसंतात पिल्लं घेईन, नापास म्हणालात तर वाण इथेच संपला, असं तुम्ही लिहिलंत. एवढा भार माझ्यावरच का टाकलात ते मला ठाऊक आहे. शिकारी कुत्र्याचा गळा दोन डोंगर पलीकडून ओळखणारा माणूस या तीन खोऱ्यांत मी एकटा. माग काढताना कुत्रं कसं भुंकतं आणि अस्वल झाडावर चढलं की कसं भुंकतं, एवढ्यावरून मी त्या कुत्र्याची आई सांगतो. तेव्हा नातं बाजूला ठेवून खरं तेच लिहितो. मॅबलला गळा नाही.

शनिवारी आम्ही शिकारीला गेलो. सोबत गारलंड आणि त्याचे कुत्रे. (गारलंड म्हणजे तुमच्या काकूंच्या दफनाला उभ्या उभ्या झोपला होता तो. हल्ली फार ओरडून बोलतो. घरात सहा मुली आहेत, दुसरं काय होणार.) उजाडता उजाडता मॅबलसकट कुत्रे सोडले आणि कड्यावर शेकोटी करून ऐकत बसलो. मॅबलने माग धरला असावा. असावा म्हणतो, कारण मला काही ऐकू आलं नाही. गारलंडने मात्र चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढली.

“एल्झी, ऐक रे, ऐक! हा गळा ऐकून मेलेला माणूस उठून बसेल!”

रीत म्हणून मीही टोपी काढली.

“सांग बघू, कुणाचं कुत्रं पुढे आहे?”

“तुझा रस्टी,” मी म्हणालो. “दुसरं कोण असणार?”

गारलंडने माझ्या बुटांकडे पाहिलं. रस्टी माझ्या बुटांवर डोकं ठेवून घोरत होता. (त्याच्या पायात काटा गेल्यामुळे त्याला सोडलंच नव्हतं, हे मला आधी सांगायला कुणाचं काय जात होतं?) वारा उलटा होता, होबार्ट. तो आता सगळीकडे सांगत सुटलाय, पण वारा उलटा होता.

मग अस्वल झाडावर चढलं म्हणून गारलंड उतारावरून धावला. आवाजाच्या दिशेने जायचं हा आपला रिवाज. मी अनुभवाच्या दिशेने गेलो. अनुभवाने मला लॉरेलच्या झुडपांच्या अशा दाट जाळीत नेलं की तिथून ना पुढे जाता येईना, ना मागे. तासभर मी तिथेच होतो. मक्याची भाकरी आणि हॅम खाऊन झालं, कोटाची दोन बटणं गेली, आणि माझ्याने आता शिकार होत नाही की काय अशी भीतीही मनात येऊन गेली. तेवढ्यात समोरून मॅबल आली.

आता पुढचं बसून वाचा. वर अस्वल असताना, शिकारी पोचायच्या आत तिने झाड सोडलं होतं! अस्वलाच्या कुत्र्याकडून यापरता मोठा गुन्हा होत नाही. सासऱ्यांनी असलं कुत्रं दुसऱ्या दिवशी दारात ठेवलं नसतं. मी काठी आपटली, “जा, झाडाशी जा!” म्हणून खडसावलं. तिने शांतपणे माझ्या कोटाची बाही दातांत धरली आणि मला ओढत नेलं. बाही खांद्यापासून उसवली. झाडाखाली पोचलो तर अस्वल नाही. मॅबल निघून गेल्यावर बाकीच्या कुत्र्यांचा धीर सुटला, अस्वल खाली आलं, प्रत्येकाला एकेक चपराक देऊन टेनेसीच्या बाजूला चालतं झालं. (परीक्षकाने बघितल्याशिवाय गोळी घालायची नाही, ही अट तुमचीच.) गारलंड दुरून माझ्याकडे बघत तोंड उघडत होता आणि मिटत होता. जे म्हणत होता ते लिहिण्याजोगं नसावं.

तर निकाल असा: नाक उत्तम, हिंमत उत्तम, गळा नाही, झाड धरत नाही. नापास. लिहिताना जिवावर येतं आहे, कारण सासऱ्यांनी मला दिलेलं पहिलं पिल्लू याच वाणातलं होतं.

तुमचा
एल्झी

ता. क. आज गुरुवार. पत्र टाकायचं राहून गेलं. काल मला सर्दी होती, म्हणून गारलंड एकटाच मॅबलला घेऊन गेला. तिने सात तास झाड धरलं. सात! तो डोंगराला वळसा घालून पोचेपर्यंत जागची हलली नाही. आपल्या वाट्याचं मांस धुरीला टांगलं आहे. गारलंड म्हणतो, “ती फक्त तुझ्यासाठी झाड सोडते, एल्झी.”

आणखी एक ता. क. हे तुम्हालाच सांगतो. ऑगस्टमध्ये आवाज येईना म्हणून घरामागचा ओढा आटला असं वाटून मी बघायला गेलो. तो काठोकाठ वाहत होता. मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. ज्याला लोक कानावरून ओळखतात, त्याने हे कुणाला सांगायचं? लॉटीलाही मी पत्ता लागू दिलेला नाही. मॅबलला मात्र कळलं, आणि तिने ते गारलंडपुढे उघडं पाडलं नाही. वरचा निकाल खोडा. मॅबल पास, वाण पास. वसंतात एक पिल्लू मला द्या. गळ्याकडे बघू नका. मागे वळून माणूस येतोय ना हे बघणारं असेल ते निवडा. असला गुण सासऱ्यांच्या वाणाशिवाय कुठे मिळणार नाही.

दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. यांना वाटतं मला ठाऊक नाही. गेलं वर्षभर मी जेवायला हाक मारलेली नाही. अंगणात जाते आणि बाही धरून आणते. मॅबल तीन आठवडे पायरीवर बसून रोज ते बघत होती. तेव्हा याचं श्रेय बाबांच्या वाणाला देऊ नकोस. पिल्लू कुठलंही पाठव, बाही ओढायला मी शिकवीन. — लॉटी