विरजण आणि दाराची साखळी

तीर्थस्वरूप भिकुअक्कास,

धुळ्याहून धाकट्या नवलचा, तिसऱ्या मजल्यावरून वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? (माझे ठणठणीत आहेत, पण जागेवर ठरत नाहीत. सकाळपासून हॉल ते गॅलरी येरझाऱ्या चालल्यात.)

कारण ऐक. परवा विरजण संपलं. समोरच्या रतिलालशेठचं दार सताड उघडं. आपल्या असोद्यात उघड्या दाराचा अर्थ एकच, या. मी चपला काढून (एवढं वळण तू लावलंस) थेट स्वयंपाकघरात गेलो, फ्रीजमधलं दह्याचं पातेलं हुडकलं आणि वाटीत चमचाभर घेतोय तोच त्यांची नवी सून किंचाळली. दार म्हणे फरशी वाळायला उघडं ठेवलेलं! वॉचमन तोताराम धावत आला. तोही नवा, साक्रीकडचा, माझा दंड धरून वर आदबीनं विचारतो, "भाऊ, तुम्ही कोन गावना शेतस?" (कुठल्या गावचा म्हणे!) मी म्हटलं, समोरच राहतो, माझ्या पोरीला विचार.

बेल वाजवली. आमच्या सुलक्षणानं साखळी न काढता फटीतून पाहिलं, "पप्पा घरी नाहीत" म्हणाली आणि दार लावून घेतलं. तुझी भावजय सविता भाजी घेऊन येईपर्यंत मी वाटी सांभाळत जिन्यात बसलो, शेजारी तोताराम. नंतर पोरीला विचारलं तर म्हणते, "एकटी असताना कुणालाही उघडायचं नाही आणि पप्पा घरी नाहीत म्हणायचं, तुम्हीच शिकवलंत ना?" शिकवलंय खरं. (दुसरं मंडळाच्या वर्गणीवाल्यांसाठी होतं.) तिच्या वयात मी ज्या घरी भूक लागेल तिथे जेवायचो आणि तू गल्लीभर हाका मारत मला शोधायचीस. हिला आठ वर्षांत शेजारचं स्वयंपाकघर माहीत नाही. सगळे हसले, मला मात्र भीती वाटली, अक्का. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या म्हणावं, तर ढवळ्या मीच.

तुझा
नवल

ता. क. खरं काम असं, की मे महिनाभर तिला तुझ्याकडे ठेवून घे. बेल नसलेल्या घरात राहू दे, चार घरचं खाऊ दे. (सविताला मी उन्हाळी शिबिर असं सांगितलंय.)

पुन्हा ता. क. पोरीला धडा म्हणून आज आपलं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. आत्ता शेठची ती सून वाटी घेऊन हसत हसत सरळ आत आली, विरजण मागायला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बेल वाजवता येत नाही का?" बिचारी रिकामी वाटी घेऊन परत गेली. अंगणात खाट एक नको, दोन टाक.