जेटच्या नाकावरचा पंखा

गुरुवार, संध्याकाळ. छत्रीबाग

आज बाबांनी जेटच्या नाकावर पंखा काढला.

जन्मभर त्यांनी एकच विषय रंगवला, चाचणीची पहिलीवहिली जेट विमानं. प्रदर्शनात कुणी ना कुणी विचारायचंच, "भिया, इसका पंखा किधर है?" की बाबा भडकलेच. "पंखा नाही, म्हणून तर ते जेट!" मला तर त्यांनी हे अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलं.

डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू विसरतील. माझं नाव विसरले, तेही मी गिळलं. पण हे? बाकी चित्र एकदम पक्कं. चाकं, पत्र्यावरचा एकेक रिव्हेट, मागे पहाटेचं आकाश. आणि पुढे तो पंखा. किती मन लावून काढलाय, पात्यांवर ऊनसुद्धा पाडलंय. आता मी काय करू? पुसू? कुणासाठी?

मी बघतेय हे पाहून त्यांनी विचारलं, "ठीक बना है ना, बहनजी?"

हिंदीत. बाहेरच्यांशी बोलतात तसं. घरात माझ्याशी ते कधीच मराठी सोडून बोलले नाहीत.

मग मीही हिंदीतच म्हटलं, "हाँ जी. पंखा सबसे अच्छा बना है."