वेरेशस, वोरेशस आणि मंडईचा रविवार

३ नोव्हेंबर, सकाळी ६
आसगावच्या समस्त विचारी माणसांनो (आज हजर : मी), आपलं दुःख एकच. आपलं कुणी ऐकत नाही.
ठरलं. रविवारी चार वाजता समाजमंदिरात व्याख्यान. दोन इंग्रजी शब्द. ‘वेरेशस’ म्हणजे खरं बोलणारा. ‘वोरेशस’ म्हणजे अधाशी, कितीही मिळालं तरी ज्याचं भागत नाही असा. फरक एका अक्षराचा, आणि समाज बुडाला तो नेमका तिथे.
संकल्प : आजपासून या वहीत फक्त सत्य.

४ नोव्हेंबर
शेजारच्या शकुनबाई डबा द्यायला आल्या. म्हणाल्या, “सर, रविवारी तं मंडई हाय. तुमचं भाषण आयकाले कोन येईन?” मी समजावलं, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, तिला गावोगावचे पाहुणे येतात, म्हणजे गर्दी आयतीच. त्या म्हणाल्या, “पाहुणे जेवाले येतेत जी. तुमीबी या रविवारी.” व्याख्यानामुळे जमणार नाही, असं सांगितलं.
आहार मोजकाच ठेवतो. डबा संपला.

६ नोव्हेंबर
समाजमंदिराची किल्ली यादोरावांकडे. म्हणाले, “घ्या न सर. तिथं सैपाकाचे गंज ठेवून हायेत, तेवढे सांभाळा.” गंज म्हणजे मंडईच्या जेवणाची मोठी पातेली.
सत्यवतीच्या फोटोपुढे सराव. ती असताना मध्येच म्हणायची, पुरे, आता जेवून घ्या. फोटो काही म्हणत नाही. दोन तास बोललो.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
व्याख्यान उत्तम. श्रोते चाळीस.
दुरुस्ती : खुर्च्या चाळीस. श्रोते बारा.
दुरुस्ती : दोन आचारी, गंज न्यायला सहा वेळा आले. शेवटच्या फेरीत एकाने विचारलं, “सर, दार लावून घेऊ का?”

१० नोव्हेंबर
शकुनबाई आल्या. “काल दोनदा दारापर्यंत आली होती मी. तुमी डोळे मिटून बोलून राहिले होते. तुमचं ताट पाच वाजेपर्यंत झाकून ठेवलं. मंग उचललं.”
मी म्हणालो, हाक का नाही मारली? म्हणाल्या, “मधात बोलाले जागाच नाही भेटली.”
डब्यात काही नव्हतं. डबा नव्हताच. आधीचे तीन माझ्याकडे पडून आहेत. रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून राहिले. सत्यवती गेल्यापासून दोन वर्षं त्या डबा देतात, आणि मी त्यांना कसं चाललंय एवढंही विचारलेलं नाही.
खरं लिहायचं ठरलं आहे, तर : अधाशी मी. लोकांच्या कानांचा.
तेव्हा समस्त विचारी माणसा, ऊठ. तीन डबे घास, पोहे कर, ते भरून शेजारी नेऊन दे. आणि तिथे त्या बोलतील, तू ऐक.