चौथ्या खोलीतला लाल ठिपका

सोमवार
लागली एकदाची नोकरी! शाळा सुटल्यापासून मावशीकडे भांडी घासत होते. आता चित्रांच्या प्रदर्शनात खुर्चीवर बसायचं, कुणी चित्राला हात लावत नाही ना एवढं बघायचं. बोलायचं काही नाही. माझ्यासारख्या लाजाळूला अजून काय पाहिजे! चित्रकार वारलाय. त्याची पहिल्यापासून शेवटपर्यंतची चित्रं चार खोल्यांत लावलीयेत, आणि आमची पाळी रोज एक खोली पुढे सरकते. आज पहिली. इथली चित्रं कळतात तरी. एक मुलगी खुर्चीवर बसलीय, मान खाली, गळ्यात लाल रुमाल. माझ्याही गळ्यात आईचा लाल रुमाल! म्हटलं वा, जोडी जमली. पुढे म्हणे नुसते पट्टे न् डाग. दारावरचे मामा म्हणाले, तिकडचं चित्र उलटं टांगलं तरी काढणाऱ्यालासुद्धा कळलं नसतं. मी तोंडावर हात ठेवून हसले. नावाचा बिल्ला दिलाय, तो मी उलटा लावलाय. परक्याने नावाने हाक मारली की मला घाम फुटतो.

मंगळवार
दुसरी खोली. तीच मुलगी, पण तोंड पुसून टाकल्यासारखं. एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या, चित्रकाराची बहीण. त्यांनी सांगितलं, ती शेजारची पोर, आईबाप नसलेली. दादा तिला समोर बसवायचा आणि दर चित्रात थोडी थोडी काढून टाकायचा. शेवटी काय उरतं ते बघायचं होतं त्याला. मग ती कुठे गेली, हे मला विचारायचं होतं. तोंडच उघडेना. त्यांनी माझं नाव विचारलं, तर मी मान खाली घातली. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, तीपण सांगायची नाही. ज्याचं नाव माहितीये ते माणूस पुसता येत नाही, असं दादा म्हणायचा.
रात्री मावशीने दोनच ताटं वाढली, तिचं न् काकांचं. विसरली असेल. मी माझं वाढून घेतलं.

बुधवार
तिसरी खोली. राखाडी पट्टे, त्यात खुर्चीचे पाय दिसले तर दिसले. दुपारी एक जाडे गृहस्थ आले आणि सरळ माझ्या मांडीवर बसले! कशीबशी निसटले. ते बायकोला एवढंच म्हणाले, खुर्ची गरम आहे गं.
सुटताना पहिल्या खोलीत डोकावले. त्या मुलीच्या ओठावर तीळ आहे. माझ्यासारखाच. सोमवारी नव्हता. स्वेटरचं वरचं बटण तुटलंय, तेही माझ्यासारखंच. मी आत असताना मामांनी दिवे घालवले.

गुरुवार
सकाळी मावशीला हाका मारल्या. भाजी चिरत होती, मान वर केली नाही. काकांना म्हणाली, ती मधली खोली रिकामीच पडलीय, भाड्याने देऊन टाकू.
माझी खोली —
चौथीत बसलेय. भलंमोठं राखाडी चित्र. मधे लाल ठिपका. बाकी काही नाही.
गळा चाचपला. रुमाल नाहीये.
बिल्ला सरळ करायला काढला. कोरा —

शुक्रवार
पाचवी खोली नाहीच. पाळी कुठे सरकणार —
खुर्चीवर दुसरी मुलगी आहे. मला ती समोरून दिसतेय. मान खाली. बिल्ला उलटा. अगं, सरळ कर तो, सरळ —
वही मांडीवर आहे. मांडी दिसत नाही.
लोक येतात. थांबतात. डोळे बारीक करून माझ्याकडेच बघतात. इतकं कधीच कुणी —

म्हाताऱ्या बाई आल्या. अगदी जवळ. नाव सांग पोरी, म्हणतायत. अजूनही वेळ आहे, सांग.
सांगते. आता नाही लाजत. आईने ठेवलेलं. बाई, जाऊ नका, माझं नाव