कणसांची घोंगडी

मोखोत्लोंग, ९ जून १९९६

चि. लिकेलेली हिस,

म्हाताऱ्या बापाचे आशीर्वाद, आणि त्यांच्यामागोमाग एक तक्रार.

इकडे जून लागला तशी हिवाळ्याची थंडी पडली. ओढ्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरू लागलाय. तुझ्या आईला जाऊन तीन महिने झाले आणि नऊ कोंबड्या, एक कोंबडा, चार बदकं एवढा तिचा संसार माझ्या गळ्यात पडलाय. मी आयुष्यभर गुरं राखली आणि खाणीत दगड फोडले. कोंबड्या हे बायकांचं काम म्हणून त्यात कधी लक्ष घातलं नाही, ते आता भोगतोय. शेजारची मामोलेफी कुंपणापलीकडून बघते आणि घोंगडीत तोंड लपवून हसते.

थंडी लागू नये म्हणून खुराड्याचं एकूण एक भोक मी शेणमातीनं लिंपून टाकलं, घर लिंपतो तसं. सकाळी पाहतो तर आतल्या भिंती घामेजलेल्या, गवत ओलंचिंब आणि कोंबड्याचा तुरा टोकाशी काळा पडलेला. वर बदकं माझ्या हाकेला भीक घालत नाहीत. घसा बसेपर्यंत ओरडलो तरी एक ओढ्यावरच राहिलं. सकाळी गेलो तेव्हा कडेच्या बर्फात पाय अडकून मरून पडलं होतं. फार वाईट वाटलं मला. तुझ्या आईनं अकरा हिवाळ्यांत एक बदक गमावलं नव्हतं.

म्हणून त्या संध्याकाळी मी तिची पेटी उघडली. कणसांच्या नक्षीची घोंगडी पांघरली आणि ती उभी राहायची तिथे, अंगणात उभा राहिलो. सगळी पाखरं निमूट आत गेली. तुझा मामा येऊन तिचे कपडे वाटून देईपर्यंत पेटीला हात लावायचा नसतो, हे मला कळतं. रान्त्सोमामाला कळवू नकोस.

जेवत जा. म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा बाप,
मोखेथी

&nbsp;

मासेरू, २० जून

तीर्थरूप बाबांस,

लिकेलेलीचा नमस्कार, थोड्या रागासकट.

अहो बाबा, ते खुराडं आहे, धान्याची कणगी नाही. छपराखालची दोन भोकं आजच मोकळी करा. आई ती कधीच बुजवायची नाही. कोरडी पाखरं थंडी सोसतात, ओली झाली की गारठतात. ओलं गवत रोज सकाळी काढून कोरडं घाला. बदकांचं पाण्याचं पातेलं बाहेर ठेवा, आत ठेवलंत तर ती सगळ्यांना भिजवतील. सकाळी पाणी कोमट करून द्या आणि कोंबड्याच्या तुऱ्याला व्हॅसलीन चोळा.

आणि हाकेचं म्हणाल, तर आई कधी हाक मारायचीच नाही. दूध पावडरीच्या जुन्या डब्यात मूठभर मका घालून वाजवायची. चुलीमागच्या फळीवर असेल बघा. तो आवाज आला की मीसुद्धा खेळ टाकून घरी यायचे. तुम्ही तेव्हा खाणीत होता, तुम्हाला कसं ठाऊक असणार.

घोंगडी मात्र पेटीत ठेवून द्या. रीतीप्रमाणे ती मला मिळायची आहे. आई गेली तेव्हा कारखान्यानं तीन दिवसांची रजा दिली, त्यातले दोन बसमध्येच गेले. मला तिचं तोंडही नीट पाहता आलं नाही. त्या घोंगडीत तिचा वास असेल एवढ्या आशेवर मी हा हिवाळा काढतेय.

रागावू नका. लोभ आहे तेवढा पुरेल, कमी तेवढा करू नका.

तुमची,
लिकेलेली

&nbsp;

मोखोत्लोंग, १४ जुलै

चि. लिकेलेली हिस,

आशीर्वाद. या खेपेला तक्रार नाही, विनंती आहे.

गुडघाभर बर्फ पडला, चार दिवस बस आली नाही. तू सांगितलंस तसं सगळं केलं. भोकं मोकळी केली, गवत रोज बदलतो. कोंबड्याला मांडीवर घेऊन व्हॅसलीन चोळताना मामोलेफीनं पाहिलं आणि सगळ्या गावाला सांगितलं की मोखेथीनं दुसरं लग्न केलं, नवरीचं डोकं लाल आहे. हसू दे त्यांना. तेवढा टोकाचा तुकडा गळून पडला, बाकीचा तुरा वाचला.

डबा सापडला. वाजवूनही पाहिला, पण उपयोग नाही. पाखरं एक डोळा तिरका करून बघतात आणि चालायला लागतात. घोंगडी पांघरली तरच आत जातात. तेव्हा माझं म्हणणं असं की मामा येईल तेव्हा बाकी कपडे वाटू देत, घोंगडी अजून एखादा हिवाळा इथेच राहावी. मी माझ्यासाठी मागत नाही. मुकी पाखरं आहेत, त्यांना आपल्या रीती काय कळणार.

माझा खाणीतला जुना खोकला बरा आहे. विचार करून लिही.

तुझा बाप

&nbsp;

मासेरू, २८ जुलै

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं, म्हणून उशीर झाला.

घोंगडी मला हवी आहे, बाबा. आईची दुसरी एकही वस्तू माझ्याकडे नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पँटींना खिसे शिवते आणि खोलीवर येते तेव्हा वाट पाहणारं कुणी नसतं. तुम्हाला निदान तिची चूल आहे, तिचं अंगण आहे.

पाखरांसाठी बाजारातून एक घोंगडी घेऊन बसवाल्याबरोबर पाठवली आहे. रंग तसाच तपकिरी पाहिला. कणसं नाहीत तिच्यावर, पण बदकं एवढी चिकित्सा करणार नाहीत असं वाटतं.

हे पत्र वाचून मनात अढी धरू नका, एवढंच मागते.

तुमची,
लिकेलेली

&nbsp;

मोखोत्लोंग, २ सप्टेंबर

चि. लिकेलेली हिस,

आशीर्वाद, आणि आज कबुली.

शनिवारी रान्त्सोमामा आला. कपडे वाटले. घोंगडी मी स्वतः घडी करून त्याच्या हातात दिली. त्यानं नाकाशी नेली आणि विचारलं की या पेटीत बदकं ठेवली होती का. मी पांघरत होतो ते सांगून टाकलं. बहिणीची वस्तू मी अशी वापरली म्हणून तो खूप बोलला. त्याचं बरोबर होतं. गुरुवारच्या बसनं ती तुझ्याकडे येईल.

पोरी, मी तुझ्याशी खोटं बोललो. डबा पहिल्याच संध्याकाळी चालला होता. खडखड केलं आणि तिन्ही बदकं एकामागे एक डुलत आली. पाखरांना त्या घोंगडीशी काही देणंघेणं नव्हतं. मला होतं. दिवसभर माझं ठीक चालतं. दिवस कलला की अंगणात ती उभी राहायची ती जागा रिकामी दिसते, आणि मला ते सोसवत नाही. घोंगडी पांघरून मीच तिथे उभा राहिलो की ती जागा मला दिसायची नाही.

तू पाठवलेली घोंगडी चांगली ऊबदार आहे. ती पांघरतो.

हिवाळा संपला. नऊ कोंबड्या, कोंबडा आणि तीन बदकं जिवंत आहेत. बापाचं खोटं पोटात घाल.

तुझा,
मोखेथी

&nbsp;

मासेरू, १५ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. रागाचं शेवटी सांगते.

पार्सल उघडल्याबरोबर घोंगडीत तोंड खुपसलं. बदकांचा वास, गोवऱ्यांच्या धुराचा वास आणि तुमची तंबाखू. मी खूप रडले. आईचा उरलासुरला वास तुम्ही घालवलात म्हणून तुमचा संताप आला. तशीच ती खुर्चीवर टाकून दिली, दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातून दमून आले, दार उघडलं आणि खोलीत आई होती. मी कुलूप हातात धरून तशीच उभी राहिले. बाबा, आईला दुसरा कुठला वास होता? बदकं, धूर आणि ओलं गवत, एवढाच तर होता. तंबाखू तेवढी तुमची. मी ती धुणार नाही.

राग संपला, ते सांगायचं राहायला नको.

ख्रिसमसला दहा दिवसांची रजा मागून घेतली आहे. डिसेंबरच्या भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून येईन, मामोलेफीला हसायला आणखी एक कारण. डबा तोवर जपून ठेवा. त्या दहा दिवसांत संध्याकाळी तो मी वाजवीन. तुम्ही फक्त दारात बसून अंगणाकडे बघायचं.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
लिकेलेली